शिक्क्यातली मोकळी जागा

बाईंच्या साडीवर चहाचा डाग नाही असा एक दिवस मी पाहिला नाही. डाग पदरावर असायचा, निऱ्यांवर असायचा, एकदा तर थेट खांद्यावर होता. खांद्यावर चहा सांडतो कसा? तर एका गवंड्याचा दंड मोडून जोडला होता, आणि आपला हात किती वर जातो याचा त्यालाच अंदाज नव्हता. कुणी विचारलं की बाई एकेक डाग बोटानं दाखवायच्या. "ह्यो गवंड्याचा. ह्यो वाडीच्या मावशींचा. आन् ह्यो लांबडा दिसतोय न्हवं, ह्यो तुमचा, पावणं."

स्वतःच्या हातानं ओतून बाई कधी चहा प्यायल्याच नाहीत. किटली पेशंटनं उचलायची, तीही अधू हातानं. कप काठोकाठ भरायचा, बशीत ठेवायचा आणि टेबलाला वळसा घालून बाईंच्या हातात द्यायचा. दिवसाला दहा-बारा पेशंट, म्हणजे दहा-बारा कप. साखर अजिबात नाही. मला वाटायचं डायबिटीस असेल. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "डायबिटीस न्हाय, काय न्हाय. साखर घातली की डाग चिकटतोय."

कोल्हापुरात एका ट्रस्टच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला पत्र्याची लांबट खोली होती. दारावर पाटी होती, 'व्यवसायोपचार विभाग'. ती कुणी वाचत नव्हतं. कामावर हात-पाय जायबंदी झालेली माणसं ऑपरेशन झाल्यावर तिथं यायची आणि परत कामाला लागायच्या लायकीची होऊन बाहेर पडायची, म्हणून सगळे त्या खोलीला 'बाईंचं वर्कशॉप' म्हणायचे. मी तिथं पहिल्या दिवशी गेलो तो कागदांची पिशवी घेऊन. एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांच्या चिठ्ठ्या. बाईंनी पिशवीकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

"हत्यार आणलासा?"

"कसलं हत्यार?"

"काम काय करतासा?"

"टर्नर हाय. लेथवर."

"मग टर्नर मोकळ्या हातानं येतोय व्हय? जावा घरला. उद्या हत्यार घिऊन या."

गडमुडशिंगीहून हात गळ्यात अडकवून, बसमध्ये उभा राहून मी आलो होतो. मी मुळात तापट माणूस. दारातच ओरडलो, "ओ बाई! बोट तुटलंय माझं! हत्यार काय दातात धरू?"

"त्येच तर बगायचं हाय," बाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी मी व्हर्निअर घेऊन गेलो. जॉबचं, म्हणजे लेथवर कापायच्या तुकड्याचं, माप घ्यायची ती लोखंडी पट्टी. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मी आयटीआय पास झालो तेव्हा घेऊन दिलेली. अप्पा सरकारी वर्कशॉपात फिटर होते. आमच्या घरात यंत्रावर हात ठेवणारा पहिला माणूस अप्पा, आणि दुसरा मी. ते व्हर्निअर मी चौदा वर्षं वापरलं होतं. बाईंनी ते माझ्या उजव्या हातात दिलं. ते हातातून निसटलं आणि फरशीवर पडलं. मी वाकलो, तर बाई म्हणाल्या, "डाव्यानं उचलायचं न्हाय." उचलायला मला किती वेळ लागला कोण जाणे. बाई शेजारच्या स्टुलावर बसून राहिल्या. मदत केली नाही आणि तोंडही फिरवलं नाही.

अपघात माझ्याच चुकीनं झाला होता, हे आधी सांगून टाकतो. थंडी होती, हात गारठले होते, म्हणून हातमोजा घातला. लेथवर हातमोजा घालायचा नाही हे पहिल्या दिवशी शिकवतात. चौदा वर्षं मीच दुसऱ्यांना शिकवत होतो. फिरत्या जॉबला पॉलिश पेपर लावला, मोज्याचं टोक त्यात गेलं आणि पाठोपाठ हात गेला. पहिलं बोट अर्धं गेलं, मधलं ताठ झालं, अंगठ्याची शीर शिवून घेतली. दुखण्याचं एवढं नाही, पण लाज लई वाटायची. कुणी विचारलं तर मी "मशिनीत गेला" एवढंच म्हणायचो. मोज्याचं फक्त बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलासा. जो चूक सांगतोय त्यो परत त्याच मशिनीवर जातोय. जो मशिनीला शिव्या घालतोय त्यो न्हाय जात."

खोलीत रबरी बॉल नव्हते, रंगीत खुंट्या नव्हत्या. ते सगळं बाईंनी नोकरीला लागल्याबरोबर कपाटात कोंबलं होतं. त्याऐवजी भंगारबाजारातून आणलेलं एसटीचं स्टिअरिंग होतं, शिलाई मशीन होतं, भाकरी थापायची काथवट होती, आणि टेबलाला बोल्टनं आवळलेला लेथचा चक होता. चक म्हणजे जॉब पकडून फिरणारं लेथचं तोंड. माझा हात ज्यात गेला तसलाच. बाई माझ्या पाठीमागून गुपचूप यायच्या आणि तो चक हातानं गर्रकन फिरवायच्या. खर्रर्र आवाज आला की माझा हात आपोआप पोटाशी जायचा.

"बाई, हे असलं करू नगासा. शिवी जाईल तोंडातनं."

"जाऊ द्या की. शिवी गेल्यानं हात तुटत न्हाय."

नृसिंहवाडीच्या मावशी पेढ्याच्या दुकानात कामाला होत्या. उकळती कढई कलंडून तळहात भाजला होता आणि कातडी आवळून बोटं आत वळली होती. बाईंनी स्टोव्ह पेटवून खोलीतच खवा आटवला आणि मावशींना पेढे वळायला बसवलं. मावशी वळत होत्या आणि रडत होत्या. बाई म्हणाल्या, "रडायचं आसंल तर खुशाल रडा मावशी, पर पेढा गोल पायजे." पेढे गोल झाले नाहीत. कसे झाले ते सांगत नाही, पण आम्हा सगळ्या पेशंटांना ते खावे लागले, बाईंनीही खाल्ले. दोन महिन्यांनी मावशी दुकानात परत गेल्या तेव्हा बाईंनी आधी स्वतः जाऊन दुकानदाराला सांगितलं होतं, कढई कमरेच्या खाली ठेव म्हणून. दुकानदार म्हणाला, बघू. बाई दुकानासमोर स्टूल टाकून बसल्या. कढई खाली आली तेव्हाच उठल्या.

"दुखतंय का?" हा प्रश्न बाईंनी कुणालाच विचारला नाही. मी एकदा चिडून म्हणालो, "बाई, माणसानं निदान विचारावं तरी." तर म्हणाल्या, "इचारलं की माणूस दुखणं हुडकाय लागतोय. मी आपलं काय केलासा ते इचारतो." आमच्याकडं बायकाही 'मी येतो, मी जातो'च म्हणतात, बाईही त्यातल्याच.

एवढं सगळं करणाऱ्या बाईंनीच माझं वाटोळं करायची वेळ आणली होती, आणि तेही एका शब्दानं.

तीन-साडेतीन महिने झाल्यावर मला कंपनीत न्यायचा कागद मिळाला. बाईंकडं एक रबरी शिक्का होता. नोकरीला लागल्या तेव्हा त्यांनी तो करून घेतला होता आणि तेव्हापासून पेशंट कामावर निघाला की त्याच्या कागदावर तो उठायचा. त्यांनी शाईत टेकवून माझ्या कागदावर दाबला. 'यांस हलके काम द्यावे.' खाली सही. मी वाचलंही नाही. चार घड्या घालून खिशात टाकला.

कंपनी म्हणजे पंपाचे सुटे भाग करणारी एक शेड. माझ्या लेथवर दुसरा माणूस उभा होता. सुपरवायझरनं कागद वाचला, परत वाचला. म्हणाला, "बरं. हलकं काम." कोपऱ्यात गेला आणि खराटा आणि फिनेलचा डबा घेऊन आला. "शेड झाडून घे. मागचं संडास-मोरी बगून घे. लेथवर माणूस घेतलाय आमी. महिनाअखेरपतोर बगू, न्हायतर त्योच कायम."

"मी टर्नर हाय," मी म्हणालो.

"कागदावर काय लिवलंय? मी लिवलोय व्हय?"

त्यानं माझी जात काढली नाही. त्याच्या मनात होतं का नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. पण शेडमध्ये वीस माणसं होती आणि खराटा माझ्या हातात आला होता.

आता 'हलकं' या शब्दाचं सांगतो. माझ्या आज्ज्याला गावात मेलेली गुरं ओढायचं काम होतं. त्या कामांना गाव 'हलकी कामं' म्हणायचं आणि ती कुणी करायची हे ठरलेलं होतं. आज्ज्यानं बौद्ध धम्म घेतला, त्या आठवड्यात तो चावडीवर गेला आणि गुरं ओढायचा दोर तिथं टाकून आला. "आजपास्नं हलकं काम बंद," एवढंच बोलला. पुढं दोन वर्षं गावात कुणी त्याला मजुरी दिली नाही. अप्पा तेव्हा लहान होते, उपाशी झोपलेलं त्यांना आठवतं. त्या दिवसापासून आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नाही. पोतं हलकं असलं तर अप्पा म्हणतात, "उचलाय सोपं हाय." पिशवी हलकी असली तर आई म्हणायची, "वजनाला कमी हाय." मला लहानपणी वाटायचं, ती शिवीच आहे.

आणि मी दुपारपर्यंत झाडलं. हे सांगायला अजून जीभ जड होते. घरात पगार नव्हता, बायको चार महिने दुसऱ्यांच्या शेतात भांगलत होती, आणि मी मुकाट्यानं झाडलं. संडासात फिनेल ओतताना डबा हातातून निसटला आणि बूट भिजले. जेवणाची घंटा झाली तेव्हा मी खराटा भिंतीला टेकवला आणि चालत सुटलो, तो तडक बाईंच्या खोलीवर.

बाई चहा पीत होत्या. मी कागद त्यांच्या पुढ्यात आपटला. कप कलंडला.

"काय लिवलासा ह्ये?"

"हलकं काम. म्हंजे वजनाचं काम देऊ नका. हात अजून कच्चा हाय."

"हलकं म्हंजे काय ते तुमाला म्हायत हाय काय?"

"आरं, हलकं म्हंजे वजनाला हलकं! डोकं फिरलंय काय तुजं?" बाई पहिल्यांदाच मला अरे-तुरे बोलल्या.

मी सांगितलं. आज्ज्याचा दोर सांगितला, अप्पांची उपाशी रात्र सांगितली, खराटा सांगितला. ओरडूनच सांगितलं, सगळे पेशंट ऐकत होते. सांगताना मी रडत होतो आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. सांडलेला चहा टेबलावरून त्यांच्या मांडीवर ठिबकत होता, तो त्यांनी पुसलाही नाही.

मग त्यांनी ड्रॉवरमधून तो शिक्का काढला. दाढी करायचं ब्लेड काढलं. दोन्ही माझ्यासमोर ठेवलं.

"काढ त्यो शब्द."

"मी?"

"तुज्या हातानं. उजव्या."

चिमटीत ब्लेड धरायचं हे मला तोवर जमलेलं नव्हतं. अर्धं बोट आणि शिवलेला अंगठा, त्यांची गाठच पडायची नाही. त्यात शिक्क्यावरची अक्षरं उलटी, उजवीकडून डावीकडं वाचायची. 'हलके' काढताना शेजारचं 'काम' कापलं गेलं तर संपलंच. ब्लेड दोनदा पडलं. मी दोनदा उचललं. 'ह' निघाला, 'ल' निघाला, 'के'ची मात्रा चिवट होती, ती मी नखानं खरवडली. राग एवढा होता की ब्लेड सोडायचं नाव नाही. शेवटी बाईंनी शिक्का शाईत बुडवून कोऱ्या कागदावर दाबला.

'यांस        काम द्यावे.'

बाईंनी तो कागद उजेडाकडं धरला. म्हणाल्या, "बावीस वर्सं मी ह्यो ठोकत आलो. कुणाकुणाला काय काय दिलं आसंल रं?"

तिथून पुढं बाईंना वेडच लागलं म्हणायचं. जुनं रजिस्टर काढलं आणि रविवारी रविवारी जुनी मोपेड घेऊन एकेक पेशंट शोधत फिरायला लागल्या. भेटला की एकच प्रश्न, "मी हलकं काम द्या म्हणून लिवलोतो. काय दिलं तुमाला?" एका रविवारी मीही गेलतो, मुरगूडला. तिथं एक म्हातारे गृहस्थ होते, एके काळी फाउंड्रीत मोल्डर. वितळलेलं लोखंड ओतायचे साचे वाळूत बांधायचे, नाव होतं त्यांचं त्या कामात. पाय भाजला, बाईंनी बरा केला, शिक्का मारला. गेली सतरा वर्षं ते गेटवर खुर्चीत बसून येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहीत होते.

"हलकंच हाय की बाई," ते हसून म्हणाले. "काय न्हाय करायचं. निस्तं बसायचं."

"साचं बांधायला कवा आत गेलासा न्हाय?"

"पयल्यांदा जायचो बगाय. मग पोरं म्हणाय लागली, आजोबा, मधी येऊ नगा. मग न्हाय गेलो." जमिनीवर वाळू होती. ते बोलता बोलता ओंजळीत वाळू घेऊन दाबत होते, मूठ उघडून बघत होते, वाळू बसतेय का ते. त्यांना स्वतःला ते कळतही नसावं.

बाई उठल्या आणि त्यांना हात जोडले. "चुकलं माझं, पावणं." त्यांना काही कळलं नाही. "अवो बाई, तुमी तर पाय वाचवलासा!" ते म्हणत राहिले. परतीच्या वाटेवर मोपेडवर मागं बसून मी एकच विचार करत होतो. खराटा टेकवून आल्यापासून मी शेडकडं फिरकलो नव्हतो आणि महिनाअखेरीला पाच दिवस राहिले होते. माझा लेथ गेला तर सतरा वर्षांनी त्या खुर्चीत मी असणार, नाहीतर खराटा घेऊन.

सोमवारी बाईंनी मालकाला फोन लावला. फोनवर बाई भांडत नव्हत्या, नुसत्या मोठ्यानं बोलत होत्या, आमच्याकडं दोन्ही सारखंच ऐकू येतं. "एक तास द्या. तुमचा जॉब, तुमची मशीन, तुमचं गेज. जॉब पास झाला न्हाय तर मी परत तोंड दावणार न्हाय." मालक म्हणाले, गुरुवारी या.

गुरुवारी बाई कोरी साडी नेसून आल्या. त्यांना कोऱ्या साडीत बघून मला जास्तच धडकी भरली. मालक, सुपरवायझर, माझ्या लेथवरचा नवा माणूस आणि अर्धी शेड भोवती उभी. जॉब होता पंपाचं बुश, म्हणजे धातूचं नळकांडं. आतलं भोक मापात पाडायचं. माप तपासायच्या गेजला दोन टोकं असतात. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दुसरंही गेलं तर भोक मोठं झालं, जॉब भंगार.

मी जॉब लावला. चकाची चावी दोन्ही हातांनी आवळली. बटण दाबलं. चक फिरायला लागला, खर्रर्र, आणि माझा हात पोटाशी गेला. सगळ्यांनी पाहिलं. मी तो परत कापायचं टूल सरकवणाऱ्या चाकावर ठेवला, पण तो माझा नव्हताच जणू. टूल आत गेलं आणि मी केसभर जास्त दिलं, देतानाच मला कळलं. मशीन थांबवलं. सुपरवायझरनं गेज घातलं. पहिलं टोक गेलं. दुसरंही गेलं.

"बगा बाई," सुपरवायझर म्हणाला.

"बगितलं की. दुसरा लावा."

"एकच ठरलावता."

"एक तास ठरलावता," बाई म्हणाल्या. "अजून अर्धा हाय." मालकांनी घड्याळ बघितलं आणि मान हलवली.

मी दुसरा जॉब लावला, चावी आवळली, मशीन चालू केलं, आणि तिथंच गोठलो. हात उचलेना. खरं सांगतो, मला मरायची भीती नव्हती वाटत एवढी त्या चकाची वाटत होती. तेवढ्यात बाई माझ्या आणि मशीनच्या मध्ये आल्या, पिशवीतून थर्मास आणि कपबशी काढली आणि शेजारच्या टेबलावर ठेवली.

"चहा ओता, पावणं."

"बाई, आत्ता?"

"मला आत्ता पायजे."

सुपरवायझर काहीतरी बोलायला गेला, मालकांनी त्याला हातानं गप्प केलं. मी मशीनकडं पाठ करून थर्मास उचलला. झाकण फिरवलं. उजव्या हातानं. कप काठोकाठ भरला, बशीत ठेवला आणि बाईंना दिला. दोन थेंब त्यांच्या कोऱ्या साडीवर पडले. बाईंनी एक घोट घेतला आणि हळूच म्हणाल्या, "मशीन चालूच हाय बग."

चालूच होतं. माझ्या पाठीमागं हातभर अंतरावर चक फिरत होता, तो सगळा वेळ फिरत होता, आणि माझा हात एकदाही पोटाशी गेला नव्हता. मी वळलो. हात चाकावर ठेवला. या वेळी तो माझाच होता. टूल आत दिलं, थांबलो, खिशातून अप्पांचं व्हर्निअर काढून माप घेतलं, परत एक बारीक काप दिला. मशीन थांबवलं.

सुपरवायझरनं गेज घातलं. पहिलं टोक गेलं. दुसरं तोंडाशीच अडलं. त्यानं दाबलं. गेलं नाही. मालकांनी गेज त्याच्या हातातून घेतलं, स्वतः दाबलं. गेलं नाही.

बाईंनी पर्समधून कागद काढला. मालकांनी वाचला. "यांस… काम द्यावे. ह्ये मदी काय ऱ्हायलंय, बाई?"

"ऱ्हायलं न्हाय. तुमच्यासाठी ठेवलंय. काय काम देतासा ते तुमी लिवा."

मालकांनी पेन काढलं. सुपरवायझर कानाशी लागला, पण मला ऐकू आलं. "साहेब, सध्या हलके लिवा. मग बगू." मालकांनी पेन कागदावर टेकवलं. ते नव्या माणसाकडं बघत होते, मग दुसऱ्या बुशाकडं, मग भंगारात पडलेल्या पहिल्या बुशाकडं. मग त्यांनी पेन माझ्याकडं केलं.

"काम तुजं हाय. तूच लिव. त्याच हातानं."

अपघातानंतर मी उजव्या हातानं एक अक्षर लिहिलं नव्हतं. मी लिहिलं, 'लेथचे'. 'थ'ची गाठ सुटली होती आणि 'चे' ओळीखाली घसरला होता. मालकांनी खाली सही केली आणि नव्या माणसाला शेजारच्या ड्रिलवर लावलं.

बाहेर आल्यावर बाईंनी मोपेडला किक मारली. "बसा. तुमच्या घरला जायचं."

"कशाला?"

"बसा म्हंतोय न्हवं."

अप्पा सोप्यात खाटेवर बसले होते. सत्तरी ओलांडलेली, नजर अजून फिटरची. मी त्यांना खराट्याचं काही सांगितलं नव्हतं. ते कधी कळू नये, एवढीच माझी इच्छा होती. बाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि काहीही प्रस्तावना न करता म्हणाल्या, "मी तुमच्या पोराच्या कागदावर चुकीचा शब्द लिवलोतो. त्यापायी त्येला नगं ते करावं लागलं. चुकलं माझं. माफी मागाय आलोय."

मला धरणी फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. अप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, "म्हायत हाय मला. त्या दिवशी बुटाला फिनेलचा वास येत हुता. टर्नरच्या बुटाला लोखंडाचा कीस असतोय, फिनेल नसतंय. काय बोललो न्हाय. म्हटलं, सांगंल आपसूक."

बाईंनी कागद पुढं केला. अप्पांनी चष्मा लावला. अक्षरावर बोट फिरवत वाचलं, 'यांस लेथचे काम द्यावे.' परत वाचलं. कागद घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि खिशावर हात दाबून बसले.

"बाई," ते म्हणाले, "आज जीव हलका झाला."

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. उभ्या आयुष्यात त्यांच्या तोंडून तो शब्द मी ऐकला नव्हता. बाईंनाही ते कळलं. त्या खाटेच्या कडेला टेकल्या, पदरानं डोळे टिपले आणि माझ्यावर खेकसल्या.

"बगत काय बसलाईस? अप्पांना चहा ओत की."